मुक्तीचा चष्मा आणि आम्ही दातवाले

आमच्या दातांच्या धंद्यात बोलणारा एकच असतो. समोरचा बिचारा तोंड उघडून, गालात कापूस कोंबून, जिभेखाली थुंकी ओढणारी नळी घेऊन पडलेला. त्याला कितीही बोलायचं असलं तरी "आँ"च्या पुढे जाता येत नाही. त्यामुळे डेंटिस्ट लोकांकडे किस्से साठतच जातात. एक तर आपलं म्हणणं कुणी खोडून काढत नाही. आणि दुसरं म्हणजे कापूस निघाल्यावर पेशंट जे पहिलं वाक्य बोलतो ना, ते त्याने इतका वेळ मनात घोळवलेलं असतं की ऐकण्यासारखंच असतं!

पण हे सगळे किस्से एकदम बाहेर पडले ते माझ्या भाचीमुळे. मुक्ता तिचं नाव. माझ्या थोरल्या भावाची मुलगी. आमचं गाव म्हसवडजवळ, आणि मी सांगलीत गेली कित्येक वर्षं लोकांचे दात भरते, काढते, बसवते.

एके दिवशी दादाचा फोन आला.

"सुने, मुक्तीला मार्क पडल्यात. दाताचं डॉक्टर व्हायचं म्हणतीया."

"मग चांगलंच आहे की!"

"काय चांगलं? चष्मा बघितलास का तिचा? उणे सात! तुझ्या धंद्यात दिसभर एवढ्याशा भोकात बघायचं. चाळिशी गाठंपतूर डोळं ऱ्हात्याल का तिला?"

दादाची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तो साखर कारखान्याच्या स्टाफ बसवर ड्रायव्हर होता. एका वर्षी डोळ्यांच्या तपासणीत अडकला, आणि स्टेअरिंगवरून उठून गेटवरच्या खुर्चीत बसला. पगार तोच, कारखाना तोच. पण त्याची बस दुसराच कुणी चालवत गेटमधून बाहेर काढायचा, तेव्हा दादा उभा राहून तिच्याकडे बघायचा. ते मी एकदा पाहिलं. पुन्हा मला बघवलं नाही.

आणि गंमत बघा. बस होती तेव्हा ती संध्याकाळी घरापाशीच लावायचा. कडुलिंब आणि शेजाऱ्याची भिंत यांच्यामध्ये जेमतेम मावेल एवढी जागा. क्लीनर नाही. मग मुक्तीला बाजूच्या ओट्यावर उभं करायचा. पत्र्यावर एक थाप म्हणजे "येऊ दे", दोन थापा म्हणजे "थांब". पोर दुसरीतली, चष्मा नाकावरून घसरतोय, आणि तिच्या थापेवर अख्खी बस मागे यायची! वहिनी आतून ओरडायची, "आवं, तिला सवताची चप्पल दिसंना, आन् तिच्या भरवशावर बस सोडतासा?"

दादा म्हणायचा, "तिला बरूबर दिसतं. तू आत जा."

आता तिच्या करिअरचा प्रश्न आला तर हाच माणूस चष्म्याला घाबरून बसला होता. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची मुदत जवळ आली होती. शेवटी त्याने मुक्तीला माझ्याकडे धाडून दिलं. वर मला तंबी: "दाव तिला समदं. पर गोड गोड सांगू नगंस. डोळ्यांचं खरं काय ते सांग. नायतर मी न्हाई पाठवायचा तिला, सांगून ठेवतो."

*

रविवारी सकाळी आमच्या बॅचमधले दोघं-तिघं माझ्या घरी जमतात. भडंग आणि चहा. त्या दिवशी मुक्ता समोर बसली आणि चष्मा वर सरकवत सरळ विचारलं, "आत्ती, तुला फर्स्ट इयरला किती नंबर होता? त्रास झाला का?"

झाला की! पण डोळ्यांचा नाही, वेणीचा झाला.

पहिल्या वर्षात खऱ्या माणसाच्या तोंडात कुणी हात घालू देत नाही. एका दांडीवर रबरी गालांचं डोकं बसवलेलं असतं, त्याच्या तोंडात दात. त्यावर शिकायचं. मला चष्मा असूनही वाटायचं की नीट दिसत नाहीये. म्हणून मी वाकायची. अजून वाकायची. माझं नाक त्या रबरी ओठांना टेकायचं तेवढं बाकी.

आमच्या मॅडम करड्या. मागे येऊन उभ्या राहिल्या आणि अख्ख्या लॅबला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाई, दात भरायचाय का पप्पी घ्यायचीय?"

सगळी लॅब हसली. मी लाल झाले, सरळ बसले, आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा वाकले.

मॅडमनी गॉझची पट्टी घेतली आणि माझी लांबलचक वेणी खुर्चीच्या पाठीला गाठ मारून बांधली! वाकले की डोक्याला हिसडा. आठवडाभर मी तशी बांधलेली. "डोळे जात नाहीत एवढ्या लवकर," त्या म्हणाल्या, "मान जाते. उजेड सरळ पाड, आरसा नीट धर, आणि सरळ बस. दिसतं!"

आणि खरंच दिसायला लागलं. आता माझा बॉबकट आहे. तरी क्लिनिकमध्ये जरा वाकले की हात आपोआप मागे वेणी चाचपायला जातो. माझ्या असिस्टंट वंदनाताई नवीन होत्या तेव्हा त्यांना वाटायचं, मॅडमना मानेवर काहीतरी चावतंय.

*

सुहास साताऱ्यात प्रॅक्टिस करतो. तो म्हणाला, "तुझा फक्त नंबर आहे गं. मला तर रंगच धड कळत नाहीत!"

हे खरं आहे. तो कच्चा टोमॅटो आणि पिकलेला टोमॅटो हात लावून ओळखतो. आणि आमच्या धंद्यात नवा दात बसवायचा तर शेजारच्या दातांचा रंग जुळवावा लागतो. त्यासाठी पांढऱ्या-पिवळ्या छटांच्या खोट्या दातांची एक पट्टी असते. ओठाजवळ धरायची आणि जुळणारी छटा निवडायची. सुहासला सगळ्या छटा भावंडं वाटतात.

त्याच्याकडे एक रिटायर्ड सुभेदार आले. पुढचा दात बसवायचा होता. सुहासने डोकं लढवलं. साडीच्या दुकानात बायका साडी दारात नेऊन उन्हात बघतात ना, तसं त्याने सुभेदारांना गळ्यातल्या कागदी रुमालासकट रस्त्यावर आणलं. ओठ वर करून पट्टी लावली, आणि शेजारच्या टेलरला विचारलं, "बघा हो, कुठला जुळतोय?"

टेलरने एक दाखवला. तेवढ्यात रिक्षावाला उतरला. तो म्हणाला, "न्हाई न्हाई, त्याच्या पल्याडचा." भाजीवाली म्हणाली, "आजून पिवळा लागंल." दूधवाल्याने गाडी बाजूला घेतली. बघता बघता घोळका जमला आणि दोन तट पडले. सुभेदार मध्ये ओठ वर धरून अटेन्शनमध्ये उभे!

शेवटी सुभेदारीणबाई पायऱ्या उतरून आल्या. त्यांनी पट्टी हातात घेतली. "ह्यांचं दात कवा एवढं पांढरं हुतं? आमच्या लग्नाच्या फोटूत बी न्हवतं! ह्यो खालचा द्या."

विषय संपला. दात बसला, झकास जुळला. सुहासचा नियम तेव्हापासून ठरला: नवऱ्याच्या दाताचा रंग बायकोने सांगायचा.

पण सुभेदारांच्या मागे वेगळंच लचांड लागलं. ते त्या रस्त्याने निघाले की कुणीतरी अडवतंच, "सुभेदार, दावा की जरा. आमी मत दिल्याला दात कसा चाललाय बघू!"

*

तासगावचा अविनाश म्हणजे आमच्यातला हौशी. त्याने सगळ्यात आधी लूप्स घेतले. लूप्स म्हणजे चष्म्याला लावलेल्या छोट्या दुर्बिणी. दात हा एवढा मोठा दिसतो, आणि मान सरळ ठेवून काम करता येतं. डोळ्यांचा ताण खूपच कमी होतो.

पहिल्याच दिवशी एक द्राक्ष बागायतदार खुर्चीत. अविनाशने रुबाबात लूप्स चढवले आणि तोंडात बघितलं. दाढेत जुनी फिलिंग होती. आता ती एवढी मोठी दिसत होती की तिच्या कडेची फट म्हणजे जणू बागेतला पाण्याचा पाट!

"अरेरे!" अविनाश म्हणाला. "काय हे काम! कुणी केलं हो हे?"

बागायतदाराच्या तोंडात कापूस आणि नळी. तो म्हणाला, "आँ."

"नाही, पण हे असं कसं कुणी सोडू शकतं? ह्या माणसाला डिग्री कुणी दिली? कोण होता हा डॉक्टर?"

बागायतदाराने शांतपणे हात वर केला आणि बोटाने अविनाशकडे दाखवलं.

अविनाशने मागे वळून बघितलं. मागे भिंत होती आणि भिंतीवर त्याचीच डिग्री!

आता तो म्हणतो, "लूप्स घ्यावेत. जरूर घ्यावेत. पण प्रॅक्टिस सुरू करतानाच घ्यावेत. मध्येच घेतले की फार वाईट वाटतं."

मुक्ता खो-खो हसली. मग एकदम गंभीर होऊन तिने विचारलं, "काका, ते नंबरच्या चष्म्यावर बसवून मिळतात?"

"नंबर घालूनच बनवून देतात."

तिने मान डोलावली. रात्री दादाचा फोन आला तेव्हा मी हे सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "म्हंजे दुर्बीण लावाय लागती. बघ, मी म्हनत नव्हतो?"

*

दादा डोळ्यांच्या बाबतीत सल्ला मात्र मनापासून देतो. एका सल्ल्याने माझी पार शोभा झाली होती.

करोनाच्या दिवसांत आम्ही मास्कवर मास्क, वर गॉगल, त्यावर प्लास्टिकची ढाल असं सगळं घालून काम करत होतो. श्वास सोडला की चष्म्यावर वाफ. पेशंटचं तोंड धुक्यात! मी साबण लावून बघितला, शॅम्पू लावून बघितला. काही उपयोग नाही. वैतागून दादाला फोनवर बोलले.

"एवढंच व्हय?" दादा म्हणाला. "पावसात काचेवर वाफ धरली की आमी ड्रायव्हर लोक तंबाखू चोळायचो. वाईच वली करायची आन् काचेवर फिरवायची. पुसून टाकायची. आरशावानी लख्ख!"

मी वंदनाताईंना पानपट्टीवर पिटाळलं. आणलेली तंबाखू ओली करून चष्म्याच्या काचांवर चोळली, पुसली. आणि काय सांगू, खरोखर लख्ख! दादाचा मला अभिमानच वाटला.

पहिला पेशंट आला. दातांवर काळे-तपकिरी डाग. तंबाखूवाला, लांबून कळत होतं. आणि वासही येत होता, चांगला घमघमीत. मी त्याच्या तोंडात कापूस भरला आणि व्याख्यान सुरू केलं. "अजून किती खाणार? मला इथपर्यंत वास येतोय! तोंड उघडणं बंद होईल एक दिवस. घरच्यांचा तरी विचार करा."

तो डोळे मोठे करून "आँ, आँ" करत होता. मी म्हटलं, "आता आँ करून काय उपयोग?"

काम झालं. कापूस काढला. तो उठून बसला, तोंड धुतलं, आणि हात जोडून म्हणाला, "बाई, मी सोडून म्हैना झाला. वास तुमच्या चष्म्याला हाय!"

मी चष्मा काढून पुसायला लागले.

दारापर्यंत जाऊन तो परत वळला. "तुमी बी सोडा आता. जमतं. पैलं चार दिस तरास हुतो."

*

मग यथावकाश मलाही चाळिशी लागली. जवळचं दिसेना. मिरजेला मुजावर डॉक्टर डोळ्यांचे, आमच्या अड्ड्यातले एकमेव बाहेरचे सभासद. दात दुखला की ते माझ्याकडे येतात, डोळा खुपला की आम्ही सगळे त्यांच्याकडे. दिवसभर ते लोकांना सांगत असतात, "डोळे मिटू नका, डोळे मिटू नका." पण माझ्या खुर्चीत बसले की स्वतःचे डोळे गच्च मिटून घेतात. मी म्हटलं, "सर, डोळे उघडा की." तर म्हणाले, "तोंड उघडलंय ना? तेवढ्यावर भागवा!"

तर त्यांनी मला चाळिशीचा चष्मा दिला. पेपर छान दिसला. दात मात्र दिसेना. परत गेले. त्यांनी दुसरा दिला. आता दात दिसायचा तर मला वाकावं लागायचं. वेणी नव्हती म्हणून वाचले.

"तुम्ही नेमक्या किती अंतरावरून काम करता?" त्यांनी विचारलं.

मी हाताने दाखवलं. "एवढं."

"मघाशी याच्यापेक्षा कमी दाखवलं होतं."

शेवटी वैतागून ते म्हणाले, "मीच येतो. तुम्ही काम करत असताना मोजतो."

आणि खरंच आले! बायकोच्या शिलाई मशीनवरची टेप गळ्यात घालून. खुर्चीत जतकडचे एक म्हातारबाबा. दाढ काढायची होती. मी आरसा तोंडात घातला, सरळ बसले. मुजावर सरांनी टेपचं एक टोक माझ्या चष्म्यापाशी धरलं आणि दुसरं बाबांच्या तोंडापर्यंत खाली आणलं. नीट दिसेना म्हणून पुन्हा मोजलं. मग एकदा आडवंही मोजलं.

बाबांची बुबुळं टेपबरोबर वर-खाली. मी कापूस काढला मात्र, बाबा ओरडले, "डॉक्टरीणबाई, माप कशाचं घेतासा? मी आजून हाय की!"

किती समजावलं! माझ्या डोळ्यांचं माप आहे, तुमचं नाही. पण बाबा उठले, धोतर सावरलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी दोन मुलगे आणि एक सून घेऊन आले. थोरला मुलगा आधी आत आला, चारी कोपरे बघितले, आणि मग बाबांना हाक मारली, "या आत. मापाचा माणूस न्हाई आज."

चष्मा मात्र त्या मापाने असा बनला की अजून तोच नंबर, तेच अंतर.

*

मुदत संपायच्या आदल्या दिवशी दादा सकाळच्या गाडीने मिरजेला आला. मुजावर सरांकडे मुक्तीची पूर्ण तपासणी ठरली होती. तिच्या डोळ्यांत थेंब घातले, पडदा बघितला. दादा भिंतीला टेकून, गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसला होता. परीक्षा त्याचीच असल्यासारखा.

मुजावर सर म्हणाले, "पडदा चांगला आहे. नंबर अजून थोडा वाढेल, साधारण पंचविशीपर्यंत थांबतो. जवळचं काम केलं की डोळे थकतात, कोरडे पडतात, डोकं धरतं. थकणं वेगळं आणि जाणं वेगळं. मात्र एवढा नंबर असला की पडद्याची तपासणी दरवर्षी करायची, चुकवायची नाही. दाताची डॉक्टर झाली तरी, आणि घरी बसली तरी."

"ग्यारंटी द्या," दादा म्हणाला.

"गॅरंटी मी माझ्या डोळ्यांची पण देत नाही हो!"

आम्ही हसलो. दादा हसला नाही. "मला गेटवर बसवला," तो म्हणाला, "त्या डाक्टरनं बी असंच बेस समजावून सांगितलं हुतं. समदं पटलं. पर गाडी गेली ती गेलीच की."

इतके दिवस तो मुक्तीच्या चष्म्याबद्दल बोलत होता, पण बोलत होता स्वतःबद्दल.

मुक्ता थेंबांमुळे डोळे चोळत होती. तिला समोरचं धड दिसतही नव्हतं. ती म्हणाली, "आप्पा, मी वट्यावर उभी ऱ्हायचे तवा मला चष्मा हुता का न्हवता?"

"हुता की."

"आन् तुमी कुणाच्या थापेवर बस मागं घेत हुता?"

दादाने मुजावर सरांकडे बघितलं.

"घासली का कवा?"

"घासली की. एकदा." दादाने संधी सोडली नाही.

"ती तुमी दोन थापा आयकल्या न्हाईत म्हणून! मी मारल्या हुत्या!"

मुजावर सर एवढे हसले की बाहेरचे पेशंट डोकावून बघायला लागले. दादाने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

बाहेर आल्यावर चहाच्या गाड्यापाशी तो मला म्हणाला, "जाऊ दे तिला. पर डोळं शिणलं की थांबायचं म्हनावं."

"सांगते मी."

"तू नगं. मीच सांगतो." तो तिच्यापाशी गेला. तिचा चष्मा हातात घेतला, सदऱ्याच्या टोकाने भरपूर पुसला, आणि होता त्याहून धुरकट करून परत दिला.

*

ही मुक्ता आता कॉलेजमध्ये खऱ्या पेशंटवर काम करते. हॉस्टेलवर दादा-वहिनींकडून गाजरांचं पोतं जातं. डोळ्यांना चांगली म्हणून. तिच्या रूममेट्सना आता गाजराचं नाव काढलं तरी उलटी होते.

डेंटल कॉलेजच्या मुलांची एक कायमची पंचाईत असते. पेशंट स्वतःच शोधून आणावे लागतात. मेसवाल्या काकू, हॉस्टेलचा वॉचमन, रूममेटचा मामा, कुणीही चालतो. गेल्या महिन्यात मुक्तीची पहिली फिलिंग होती आणि ठरलेला पेशंट ऐन वेळी आलाच नाही. नेमका त्याच दिवशी दादा गाजरं घेऊन आला होता. त्याला कॉलेज सापडेना म्हणून मीही बरोबर गेले होते. मुक्तीने त्याचं तोंड उघडायला लावलं, आणि वरची सगळ्यात मागची दाढ किडलेली निघाली.

ती दाढ म्हणजे अवघड जागा. सरळ नजरेने दिसतच नाही. फक्त आरशात बघून हात चालवायचा, आणि आरशात सगळं उलटं.

दादाला खुर्चीत आडवं केलं. त्याने टोपी पोटावर धरली. मुक्तीने नंबर घालून बनवलेले लूप्स चढवले. दादा खालून म्हणाला, "आगं, ही दुर्बीण घालून तुला मी केवढा दिसतोय?"

"आप्पा, आता बोलायचं नाही. तोंड उघडा."

तिच्या सरांनी येऊन दादाला नियम सांगितला. "बाबा, दुखलं तर डावा हात वर करायचा. बाकी हलायचं नाही. समजलं?"

दादाने तोंड उघडं ठेवूनच मान हलवली. सर बाजूला जाऊन उभे राहिले. आजूबाजूच्या खुर्च्यांवरची पोरंपोरी काम सोडून बघत होती.

मुक्तीने आरसा आत धरला. उजेड फिरवला. मशीन सुरू केलं, ते घर्र करत दाढेपर्यंत गेलं, आणि तिचा हात तिथेच थांबला. मशीन बंद झालं. तिने पुन्हा सुरू केलं. पुन्हा हात थांबला. पाठ ताठ, मान सरळ, सगळं शिकवल्यासारखं. फक्त हात पुढे जाईना. लूप्सच्या आडून तिचे डोळे मला दिसत नव्हते, पण कपाळावर घाम दिसत होता. ती माझ्याकडे वळली.

दादाने एकदा वर तिच्याकडे बघितलं. मग डोळे मिटले. टोपीवरचा उजवा हात काढून खुर्चीबाहेर सोडला, चाचपत खुर्चीचा पत्रा शोधला, आणि त्यावर जोरात एक थाप मारली.

सर धावत आले. "काय झालं? दुखतंय का? बाबा, डावा हात म्हटलं होतं ना!"

"नाही सर, दुखत नाहीये," मुक्ता म्हणाली.

"मग थाप कशाची?"

मशीन पुन्हा सुरू झालं होतं.